नवव्या गल्लीची हिरवी खूण

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. वसाहतीच्या त्या बैठकीत अध्यक्षांनी मला विचारलं की मशीन चुकू शकतं का, आणि मी म्हणालो, "मशीन आपल्या मनानं काही करत नाही." वाक्य खरं होतं. पण मशीननं काय करून ठेवलंय ते मला आदल्याच दिवशी कळलं होतं, आणि ते त्यानं माझ्यामुळे केलं होतं. त्या एका वाक्यावर एका म्हाताऱ्या माणसाचं काम गेलं. कामापेक्षा मोठं असंही त्याचं काहीतरी गेलं, ते पुढे येईल.

आता बसलोच आहे तर सरळ सांगावं. पण मला ते सरळ आठवत नाही. मला आधी ऊन आठवतं. एप्रिलमधलं दुपारचं तीनचं ऊन, ज्यात रस्ता थोडा वर उचलल्यासारखा दिसतो आणि समोरून येणारा माणूस पाण्यातून चालत आल्यासारखा. पलीकडच्या शेडमधल्या यंत्रमागांची खटखट, जी इतकी सतत असते की ऐकू येईनाशी होते. आणि त्या खटखटीच्या वर, अगदी स्वच्छ, लोखंडावर लोखंडाचे तीन टोले.

माझं काम लहान वेबसाइट करण्याचं. शुक्रवार पेठेत एका भांड्यांच्या दुकानाच्या वर माझी खोली आहे. खाली दिवसभर पातेली एकमेकांवर आपटतात, वर मी. शिकवणीचं वेळापत्रक, मंगल कार्यालयाच्या तारखा, एखाद्या वाचनालयाची पुस्तकांची यादी, अशी माझी कामं. गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न असतो तो मशीन केवढं घ्यायचं हा. मशीन म्हणजे सर्व्हर. तो इथे नसतो, कुठेतरी लांब भाड्यानं घेतलेला असतो. त्याची मेमरी किती हवी ते आपण ठरवायचं, आणि माहिती साठवायला डेटाबेस कोणता ते ठरवायचं.

लोकांना हे कळत नाही, म्हणून मी स्वयंपाकघरातून सांगतो. मेमरी म्हणजे ओटा, डेटाबेस म्हणजे फडताळ. फडताळात ठेवलेलं राहतं. ओट्यावर मात्र एका वेळी मावेल तेवढंच. लहान ओट्यावरही चौघांचा स्वयंपाक होतो, पंगत बसली की तो पुरत नाही. एवढं सांगितलं की लोक मान डोलावतात. मी हे इतक्यांदा सांगितलंय की सांगताना मला माझाच आवाज दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो.

आणि मला लहान ओट्याचा अभिमान होता. हेही कबूल करायचंय. आमच्या गावात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. एका तांब्यात हात, पाय, तोंड आणि शेवटी तुळस, असं करत मी मोठा झालो. भाजी धुतलेलं पाणी फरशीला, फरशीचं झाडाला. थोडक्यात भागवणं हा माझ्या अंगातला गुण होता, आणि मी तो कामात आणला. दुसरे जिथं दोन जीबीचं मशीन सांगायचे तिथं मी अर्ध्या जीबीत बसवून दाखवायचो. कुणी कौतुक केलं की "एवढ्याशा कामाला कशाला हवं" असं म्हणून खाली बघायचो. पैसे वाचवण्यापुरतं ते राहिलं नव्हतं. त्याची मला चटक लागली होती.

ती वसाहत शहराच्या कडेला आहे. नऊ गल्ल्या, तीनशेच्या वर घरं. निम्मे मागावरचे तेलुगू बोलणारे, काही अक्कलकोटकडचे कानडी, काही मोहोळ-बार्शीकडून आलेले मास्तर आणि कारकून. वसाहतीची स्वतःची पाण्याची टाकी आहे. ठरल्या दिवशी टाकी भरते आणि मग एकेका गल्लीचा वॉल उघडून पाणी सोडतात. हे काम एकच माणूस करायचा. त्यांना सगळे मामा म्हणत. मोहोळ तालुक्यातल्या कुठल्याशा खेड्यातले, साठी उलटलेले, अंगानं काटक. खांद्यावर कमरेएवढी उंच लोखंडी चावी, वर आडवा दांडा असलेली. रस्त्यातल्या खड्ड्याचं झाकण उघडायचं, चावी आत सोडायची, फिरवायची. पाणी सुटलं की मामा त्या गल्लीच्या पहिल्या विजेच्या खांबावर चावीनं तीन टोले द्यायचे. गल्ली जागी व्हायची.

माझ्याकडे आली ती समिती. अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक होते. त्यांचं म्हणणं असं की आता लोक कूलर लावून दारं बंद करून बसतात, बायका कामाला बाहेर असतात, टोले कुणाला ऐकू येत नाहीत, आणि ज्यांना येतात त्यांची झोपमोड होते. त्यापेक्षा मामांच्या फोनवर नऊ बटणं द्या. ज्या गल्लीला पाणी सोडलं तिचं बटण मामा दाबतील, आणि ज्याला बघायचंय तो आपापल्या फोनवर पान उघडून बघेल. नोंदही राहील.

मी विचारलं, एका वेळी किती जण पान बघतील. अध्यक्ष म्हणाले, बघून बघून किती बघणार, वीस-पंचवीस. मी ते लिहून घेतलं. एक प्रश्न विचारला आणि एका उत्तरावर थांबलो. अर्ध्या जीबीचं मशीन घेतलं, त्यातच पान चालवायचं आणि त्यातच डेटाबेस. आणि डेटाबेस घेतला तो मात्र मोठा, नावाजलेला, कारण पुढेमागे घरपट्टी आणि तक्रारीही त्यात घालू असं मनात होतं. ओटा चिमुकला आणि त्यावर लग्नातलं पातेलं. आता दिसतं ते.

मामांना बटणं शिकवायला मी एक अख्खी दुपार त्यांच्याबरोबर हिंडलो. ती दुपार माझ्यापाशी अजून आहे, तशीच्या तशी, काचेच्या बरणीत ठेवल्यासारखी. आम्ही पहिल्या गल्लीपासून निघालो. मामा झाकण सरकवायचे, गुडघ्यावर बसायचे आणि वॉलला कान लावायचे. चावी फिरायला लागली की आधी काहीच व्हायचं नाही. मग खूप खोलवरून, जमिनीच्याही खालून, एक लांब श्वास यायचा. पाइपातली हवा पुढे पळायची. ती घराघरातून जाताना ऐकू यायची, एका नळातून फुस्स, पुढच्यातून फुस्स, जणू गल्ली झोपेत कूस बदलतेय. आणि मग पाणी. मामा प्रत्येक वॉलचे फेरे तोंडानं मोजायचे. चौथीचा साडेअकरा, म्हणाले. सहावीचा नऊ, पण सातव्या फेऱ्याला अडतो, तिथं रागवायचं नाही, थोडं मागं येऊन पुन्हा जायचं.

त्या दुपारी मला अजून एक गोष्ट दिसली होती आणि मी ती पाहूनही पाहिली नाही. प्रत्येक घरात नळ उघडा होता. पाणी नसतानाही. खाली पालथी परात किंवा स्टीलची रिकामी बादली. आमच्याकडे सगळे हेच करतात, माझी आईही करायची. नळ उघडा ठेवून माणूस आपल्या कामाला लागतो. हवा आली की नळ फुसफुसतो, पहिली धार परातीवर वाजते आणि माणूस धावतो. पाण्याच्या दिवशी सोलापुरात कुणी नळ बंद ठेवत नाही.

नवव्या गल्लीपर्यंत पोचेतो ऊन कलायला लागलं होतं. नववी सगळ्यात लहान, चौदा घरांची, चढावर. मामांनी वॉल उघडला, बटण दाबलं आणि फोन माझ्यापुढे धरला. पडद्यावर गोल चक्र फिरत होतं. त्यांचा फोन जुना, तिथं रेंज कमी.

"सर, हे गोल गोल फिरतंय. हे थांबल्याबिगर मी जाऊ का नगं?"

मी म्हणालो थांबा जरा. आम्ही दोघं उन्हात त्या चक्राकडे बघत उभे राहिलो. शेवटी हिरवी खूण आली. मामा म्हणाले, नऊ गल्ल्यांत नऊदा असं उभं राहायचं तर पाणी येऊन जाईल की.

मला त्यांची दया आली. आणि मी खोलीवर येऊन एक गोष्ट केली, जी आमच्या धंद्यात बरेच जण करतात. बटण दाबलं की हिरवी खूण लगेच दिसेल असं केलं. खरी नोंद तिकडे डेटाबेसमध्ये मागाहून होईल, एखाद-दोन सेकंदांनी. फरक एवढाच. म्हणजे ती खूण "नोंद झाली" असं म्हणत होती, पण तिला खरं म्हणायचं होतं ते "नोंद होईल बहुतेक." मामांना हे मी सांगितलं नाही. त्यांना सांगितलं ते एवढंच की हिरवं झालं की निघायचं. ते खूश झाले. पुढच्या पाण्याच्या दिवशी त्यांचा फोन आला, म्हणाले आता लई झ्याक झालंय. मी समितीला सांगितलं की आता टोले बंद केले तरी चालतील. टोले बंद झाले.

पहिला महिना सगळं छान चाललं. लोक म्हणायचे, काय सोय झाली. मग मे आला, आणि पाण्याचा दिवस एकेका दिवसानं पुढे सरकायला लागला. तेव्हा जे झालं ते मला आधीच कळायला हवं होतं, कारण मीही याच गावचा. लोकांनी नळ बंद केला आणि पान उघडं ठेवलं. सकाळी उठल्यावर उघडलेलं पान पाणी येऊन गेल्यावरसुद्धा कुणी बंद करेना. एका घरात तीन-तीन फोन, तिन्हींवर. पुण्याला नोकरी करणारा मुलगा तिथून पान उघडून आईला फोन करायचा, "आई, पाचवी झाली, भांडी काढ." मोहोळला दिलेली मुलगीसुद्धा बघायची. वीस-पंचवीस कुठले. आणि ज्यांच्या गल्लीला पाणी आलंय ते बंद करत नव्हते, ज्यांना यायचंय ते नव्यानं उघडत होते. म्हणजे गर्दी चढत चढत शेवटच्या गल्लीला सगळ्यात जास्त व्हायची.

मी केलं होतं असं की उघड्या असलेल्या प्रत्येक पानासाठी डेटाबेसकडे एक वेगळी जोडणी धरून ठेवलेली. प्रत्येक जोडणीला थोडी मेमरी लागते. एका हौदातून सगळ्यांना देता आलं असतं, कारण सगळे एकच तर विचारत होते, पाणी कितव्या गल्लीत आलंय. मी मात्र प्रत्येकाला टाकीपासून स्वतंत्र पाइप टाकून दिला होता. अर्ध्या जीबीत हे किती वेळ मावणार? मेमरी संपली की मशीन स्वतःला वाचवायला बघतं. सगळ्यात जास्त जागा अडवून कोण बसलंय ते शोधतं आणि त्याला मारून टाकतं. सगळ्यात जास्त जागा डेटाबेसची. तो मरायचा, आणि पडला तर आपोआप उठावा अशी व्यवस्था मीच करून ठेवलेली, म्हणून एक-दोन मिनिटांत पुन्हा उभा राहायचा. कुणाला काही कळायचं नाही. लोकांच्या पडद्यावर आठवी गल्ली दिसत राहायची. त्या दोन मिनिटांत चढावर, उन्हात, मामा नववीचं बटण दाबायचे. हिरवं व्हायचं. मामा चावी खांद्यावर टाकून लिंबाखाली बसायला जायचे. आणि नोंद कुठेच नसायची.

असं एकदा झालं. मग पुढच्या पाण्याला पुन्हा. मग पुन्हा.

नवव्या गल्लीत एक बाई राहायच्या, त्यांना गल्ली अक्का म्हणायची. चादरीच्या शेडमध्ये शिवणीवर होत्या. घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. अक्का शेडमध्ये मशीनशेजारी फोन टेकवून ठेवायच्या आणि पानावर नववी आली की दहा मिनिटांची सुटी मागून घरी पळायच्या. नववी आलीच नाही. शेजाऱ्यांच्या ध्यानात येईपर्यंत धार करंगळीएवढी झालेली. पहिल्या वेळी अक्का मामांना बोलल्या, मामा म्हणाले मी तर दाबलं होतं. दुसऱ्या वेळी त्या समितीकडे गेल्या. समितीनं नोंद पाहिली, रिकामी. मला विचारलं, मी म्हणालो दाबायचं राहिलं असेल. मशीन स्वतःचं जे लिहून ठेवतं ते मी उघडूनही पाहिलं नाही. मला मनापासून वाटलं की म्हातारा विसरला. तिसऱ्या वेळेनंतर बैठक ठरली.

बैठकीच्या आदल्या दिवशी दुपारी खोलीवर मी लॉग उघडला. लॉग म्हणजे मशीनची रोजनिशी, त्यात ते स्वतःचं सगळं लिहून ठेवतं. तीन दुपारी, तीन ओळी, शब्दाला शब्द सारख्या. मेमरी संपली, डेटाबेस मारला. खाली दुकानात कुणीतरी पितळी घागर आपटून बघत होतं, तिचा नाद बराच वेळ राहिला. मी त्या ओळींकडे बघत बसलो. मला आठवतं, मला पहिल्यांदा वाटलं ते हे, की बरं झालं, आता हे सरळ करता येईल. मामांचा विचार त्यानंतर आला. आणि त्याच्याही नंतर, चोरपावलांनी, हे आलं की या वसाहतीचं बघून आणखी दोन वसाहतींनी मला काम विचारलंय.

बैठक गणपतीच्या शेडमध्ये होती. सतरंजीवर पंचवीस-तीस माणसं, अध्यक्ष खुर्चीवर. मामा दाराशी बसलेले, चावी मांडीला टेकवून, जणू त्यांना अजून कुठे जायचंय. कुणीतरी सुरुवातीलाच म्हणालं की पहिल्या गल्लीत चहा मिळतो म्हणून तिथं मामा वेळेवर असतात, नववीत कोण विचारतंय. हशा पिकला. मामाही हसले थोडे. अक्का हसल्या नाहीत.

त्या म्हणाल्या, "मामा, भांडायला आले नाही मी. सासूबाईंना पुसून काढायला घरात पाणी नव्हतं. चार दिवस. तुम्ही खरं सांगा, राहिलं का?"

"न्हाय राहिलं, अक्का. हिरवं झालतं की. हिरवं झाल्याबिगर मी हलत न्हाय."

अध्यक्षांनी कागद वाचला. तीन तारखा, नववी गल्ली, रिकामी. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "सर, तुम्ही सांगा. हे मशीन चुकू शकतं का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मामाही. त्यांच्या नजरेत राग नव्हता, विनवणीही नव्हती. डॉक्टरकडे रिपोर्ट दाखवायला गेलेला माणूस बघतो तसे ते बघत होते, की या माणसाला माहीत आहे, तो सांगेल आणि मग मलाही कळेल. शेडच्या पत्र्याच्या एका भोकातून उन्हाचा कवडसा सतरंजीवर पडला होता, त्यात धूळ हळूहळू फिरत होती. मला तो गोल अजून दिसतो. मग मी ते वाक्य बोललो.

मामांनी कुणाकडे बघितलं नाही. ते उठले आणि चावी जमिनीवर ठेवली. आयुष्यभर ती वाजवणाऱ्या माणसानं ती इतकी अलगद ठेवली की जराही आवाज झाला नाही.

पुढचं लवकर सांगतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मशीनची मेमरी चौपट केली. मग ते मोठं पातेलं उतरवलं. दिवसाला नऊ नोंदी, त्याला एका साध्या फाइलीत राहणारा छोटा डेटाबेस पुरून उरतो. आताचं उत्तर एकदाच वाचून ओट्यावर हाताशी ठेवायचं आणि विचारेल त्याला तेच द्यायचं, असं केलं. आणि हिरवी खूण, ती नोंद पक्की झाल्यावरच उमटेल असं केलं. सगळं मिळून एक सकाळ लागली. नंतर मी मोजून पाहिलं तर वाढवलेल्या मेमरीचीही गरज नव्हती, अर्ध्या जीबीत सगळं आरामात मावत होतं. लहान ओट्याचा दोष नव्हता. त्यावर काय मांडायचं हे मी वीस-पंचवीस जणांच्या अंदाजावर सोडून दिलं होतं, आणि उघड्या नळाच्या गावात राहून उघड्या पानाचा विचार केला नव्हता.

मामांच्या जागी नवा माणूस आला. त्याच्या हातून एकही नोंद कधी रिकामी राहिली नाही. अध्यक्ष चहा पाजत म्हणाले, बघा सर, माणूस बदलला आणि सगळं सुरळीत झालं. मी चहा प्यायलो. माझी दुरुस्ती हाच मामांविरुद्धचा शेवटचा पुरावा झाला होता. त्यानंतर कुणाला शंका यायचं कारणच उरलं नाही.

मागच्या हिवाळ्यात मी मोहोळला गेलो होतो, एका बियाण्यांच्या दुकानाचं काम होतं. आधीच्या कामांत मी वसाहतीचं नाव घेतलं तसा दुकानदार म्हणाला, तुमच्या सोलापुरात पाणी सोडणारे ते म्हातारे इथंच असतात, मुलीकडे, मागच्या आळीत. माझे पाय का वळले माहीत नाही. मामा ओसरीवर बसून शेंगा फोडत होते. त्यांनी मला लगेच ओळखलं. म्हणाले, सर, तुमी वाळला. मुलगी ताक घेऊन आली. ती शाळेत शिपाई आहे, बोलकी आहे. तिनं त्यांच्यादेखतच सांगितलं की बाबांचं आता लक्षात राहत नाही, सोलापूरला पण तसंच झालं होतं ना, म्हणून मी त्यांच्याकडे घराची किल्ली देत नाही, गॅसला हात लावू देत नाही, नातीला शाळेतून आणायचं म्हणतात पण ते पण नको म्हटलं. मामा शेंगा फोडत राहिले.

ती आत गेल्यावर मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं की तो सहावीचा वॉल अडायचा, तो आठवतो का.

"नऊ फेरे," मामा म्हणाले. "सातव्याला अडतो. थोडं मागं यायचं. रागवायचं न्हाय." आणि मग त्यांनी नऊच्या नऊ गल्ल्यांचे फेरे सांगितले, ओळीनं, दहा, पावणेआठ, बारा, साडेअकरा, बोटांनी शेंगा फोडत. एकही चुकला नाही. मला माहीत आहे, कारण त्या दुपारी मी ते वहीत लिहून घेतले होते आणि ती वही माझ्यापाशी आहे.

मग ते स्वतःहूनच म्हणाले, "ते मी इसरलो आसंन, सर. आपल्याला वाटतं दाबलं. हिरवं दिसल्यागत वाटतं. वय झालं की तसं व्हतंय म्हंत्यात. तुमचं यंत्र काय लबाड न्हाय."

आता बोलायची वेळ होती. ओसरीवर कोवळं ऊन, पुढ्यात टरफलांचा ढीग, आत नात पाढे म्हणत होती. दोन शब्द पुरले असते. मी ताकाचा पेला खाली ठेवला आणि म्हणालो, "मामा, थंडीचं जपा." आणि उठलो.

तेव्हापासून मला कधी कधी दुपारी डोळा लागला की त्या गल्ल्या दिसतात. मी मामांच्या मागून चालत असतो. एकेका वॉलमधून श्वास सुटतो, घराघरात नळ कूस बदलतात, आणि नववीच्या चढावर मामा वळून फोन माझ्यापुढे धरतात. चक्र फिरत असतं. ते विचारतात, जाऊ का नगं. आणि आम्ही दोघं तिथंच उभे असतो.

मामांनी तिन्ही वेळा बटण दाबलं होतं. त्यांना जे हिरवं दिसलं ते खरोखर दिसलं होतं, आणि ते खोटं हिरवं मी दाखवलं होतं. त्यांचं डोकं शाबूत आहे. हे मोहोळला जाऊन, त्यांच्या मुलीसमोर, त्यांना माझ्या तोंडानं सांगायचं मी देणं लागतो. हेच समितीला आणि अक्कांना लिहून द्यायचं देणं लागतो, लॉगमधल्या त्या तीन ओळींसकट. त्या मी जपून ठेवल्या आहेत. यातलं काहीही मी अजून दिलेलं नाही.